बाखने नावं ठेवली, मग झिल्बरमानने काय केलं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी पियानो शिकते. तिच्या बाईंनी वर्गात सांगितलं की, गॉटफ्रीड झिल्बरमान नावाच्या जर्मन कारागिराने पियानोचा शोध लावला, तो थोर जर्मन संगीतकार बाखला दाखवला, बाखने नाक मुरडलं आणि या गृहस्थाने रागाच्या भरात कुऱ्हाड घेऊन आपले पियानो फोडले. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हे खरं का? ऑर्गन बांधणाऱ्या माणसाला पियानो कुठून सुचला? आणि आज आपल्या घरात जो पियानो आहे त्यात त्याचं काही उरलंय का?

मी गेली अठ्ठावीस वर्षं पुण्यात पियानो ट्यून करतो, दुरुस्त करतो. त्याआधी हार्मोनियमच्या कारखान्यात सूर लावायला बसायचो. इतिहास हा माझा विषय नाही, पण या माणसाच्या मागे मी बरीच वर्षं आहे, कारण त्याच्यासमोर आलेली अडचण माझ्या टेबलावर दर दोन-तीन महिन्यांनी येते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिली दुरुस्ती: पियानोचा शोध झिल्बरमानचा नाही. तो फ्लॉरेन्समधल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीचा. १७०० च्या सुमाराला मेदिची घराण्याच्या पदरी असताना त्याने तार खुडण्याऐवजी हातोडीने वाजवणारं वाद्य तयार केलं. बाईंची चूक मात्र जुनी आणि प्रतिष्ठित आहे. झेडलरच्या प्रचंड जर्मन विश्वकोशाच्या १७३३ साली छापलेल्या खंडातही ‘पियानो-फोर्ट’ हा झिल्बरमानचा नवा शोध म्हणूनच दिलाय. जर्मन मुलखात लोकांनी तो पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिला, तेव्हा त्याचाच समजले.

कुऱ्हाडीकडे नंतर येतो. आधी माणूस.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला ऑर्गन डोळ्यासमोर येतो. पायांनी भाता मारायचा, दोन्ही हात मोकळे, आत पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पट्ट्या. बालगंधर्वांच्या काळापासून तो आपल्या कानात बसलाय. झिल्बरमानचा ऑर्गन हा नव्हे. त्याच्या ऑर्गनमध्ये सूर नव्हेत, पाइप असतात, बोटाएवढ्यापासून दोन मजली उंचीपर्यंत, आणि ते हजारांनी मोजायचे. लाकडी भाते इतके मोठे की ते दाबायला वेगळी माणसं लागायची. हे वाद्य चर्चमध्ये ‘ठेवत’ नाहीत, चर्चमध्ये ‘बांधतात’. म्हणून जर्मनमध्ये या धंद्याचं नावच ऑर्गन बांधणारा असं आहे. सुतारकाम, धातू ओतणं, चामडं, हवेचा दाब, ट्यूनिंग आणि शिवाय चर्चच्या पंचांशी करारमदार, हे सगळं एका माणसाने जमवायचं.

झिल्बरमान १४ जानेवारी १६८३ ला पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनीत, फ्राउएनश्टाइन गावाजवळच्या क्लाइनबोब्रिच या खेड्यात जन्मला. बाप सुतार. थोरला भाऊ आंद्रेआस आधी बाहेर पडला आणि आल्सासमध्ये, स्ट्रासबुर्गला ऑर्गन बांधू लागला. गॉटफ्रीड विशीच्या आसपास त्याच्याकडे गेला आणि तिथे धंदा शिकला. स्ट्रासबुर्ग तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होतं, त्यामुळे त्याच्या कानावर फ्रेंच ऑर्गनचा संस्कार झाला. फ्रेंच ऑर्गनमधले जिभेचे, म्हणजे आत थरथरणारी पट्टी असलेले, पाइप झगझगीत आणि थोडे नाकातले बोलतात. सॅक्सनीचा ऑर्गन त्यापेक्षा भारदस्त, पायपट्ट्यांचा खर्ज भक्कम असलेला. १७१० मध्ये तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात दोन्ही आवाज होते. पुढे आयुष्यभर तो तेच मिश्रण घोटत राहिला.

परत येऊन त्याने फ्राउएनश्टाइनला एक ऑर्गन बांधला आणि फ्रायबर्ग या चांदीच्या खाणींच्या गावात कायमचा मुक्काम ठोकला. योगायोग बघा, झिल्बरमान म्हणजे शब्दशः ‘चांदीचा माणूस’. त्याच्या पाइपांच्या आवाजाला लोक चंदेरी म्हणू लागले ते यामुळेच, असं मला वाटतं. आडनाव लोखंडे असतं तर कोणाला चांदी ऐकू आली असती, देव जाणे. पण पाइपांच्या धातूत तो कथील सढळ हाताने घालायचा हे खरं, आणि कथील जास्त असलं की आवाज उजळ येतो.

फ्रायबर्गच्या कॅथेड्रलने १७१० च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याशी करार केला. वय सत्तावीस. या मुलखात त्याच्या नावावर तोवर दाखवायला फारसं काही नव्हतं, आणि काम काय, तर तीन कीबोर्ड, शिवाय पायपट्ट्या, ४४ स्टॉप, म्हणजे एकेका आवाजाच्या पाइपांची रांग जोडणारे खटके, आणि २,६७४ पाइप. ऑर्गन १७१४ मध्ये पुरा झाला. तपासणीला लाइपझिगहून योहान कुनाऊ आला होता. सेंट थॉमसच्या ज्या जागेवर पुढे बाख बसला, त्या जागेवर तेव्हा कुनाऊ होता. तो ऑर्गन आजही तिथेच आहे आणि वाजतो. तीनशे वर्षांनंतर! माझ्याकडे येणारे चाळीस वर्षांचे पियानो बघितले की मला या आकड्याची लाज वाटते.

बाकीची कामं भराभर सांगतो, कारण यादी मोठी आहे. आयुष्यभरात सुमारे पन्नास ऑर्गन, त्यातले तीसेक आज शिल्लक, जवळजवळ सगळे सॅक्सनीत. रोथा नावाच्या लहानशा गावात दोन आहेत. ग्रोसहार्टमान्सडॉर्फ, फोर्शहाइम, पोनित्स ही गावं केवळ त्याच्या ऑर्गनमुळे संगीतवाल्यांच्या नकाशावर आली. ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्श या चर्चमधला ४३ स्टॉपचा ऑर्गन १७३६ मध्ये पुरा झाला आणि १ डिसेंबरला बाखने स्वतः तो वाजवला. १७२३ मध्ये त्याला दरबाराकडून राज्याचा ऑर्गन बांधणारा म्हणून अधिकृत सनद मिळाली. लग्न केलं नाही. सगळा जीव धंद्यात.

आणि धंद्यात हा माणूस फार कडक. त्याचा शिष्य त्सखारिआस हिल्डेब्रांट हाताचा पक्का, पण उमेदवारीच्या कराराने बांधलेला: गुरूच्या परवानगीशिवाय सॅक्सनीत स्वतंत्र काम घ्यायचं नाही. हिल्डेब्रांटने घेतलं आणि प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलं. आपल्याकडेही जुन्या कारखान्यांत ‘इथून सुटलास तर या पेठेत दुकान घालायचं नाही’ अशी तोंडी ताकीद असायचीच. झिल्बरमानने ती लेखी केली होती, एवढाच फरक. दुसऱ्या बाजूने पाहायचं तर खेड्यातल्या चर्चला त्याने कधी दुय्यम माल दिला नाही. लहान ऑर्गनसाठी ठरावीक नमुने होते, त्यामुळे किंमत आणि वेळ आधी सांगता यायची, आणि आतलं काम मोठ्या ऑर्गनइतकंच नेटकं असायचं.

ट्यूनिंगच्या बाबतीतही हट्टी. आज आपण सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. त्याने आयुष्यभर जुनी पद्धत धरून ठेवली. तिच्यात नेहमीच्या स्वरपट्ट्या गोड लागतात आणि काही दूरच्या पट्ट्या इतक्या बेसूर होतात की तिकडे फिरकू नये. १७४८ साली गेओर्ग आंद्रेआस झोर्गे या ऑर्गनवादकाने त्यावर कडाडून टीका केली. आपल्याकडे हार्मोनियमच्या सुरांवरून जे रण माजलं, इतकं की १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीच बंद करून टाकली, त्याच जातीचं हे भांडण. फरक इतकाच की तिथे बारा सारखे भाग नकोत म्हणणारा स्वतः वाद्य बनवणारा होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ऑर्गनवाल्याला पियानो कुठून सुचला.

तेव्हाच्या जर्मनीत ऑर्गनवाल्यांच्या शाळेत... शाळा म्हणजे कारखाना... कीबोर्ड असलेलं प्रत्येक वाद्य दुरुस्तीला यायचं. ऑर्गनचं मोठं काम वर्ष-दोन वर्षं चालायचं, मधल्या काळात क्लॅव्हिकॉर्ड आणि हार्प्सिकॉर्ड ही पियानोआधीची तारांची कीबोर्ड वाद्यं बनवून चूल पेटती ठेवायची. झिल्बरमानला शिवाय प्रयोगाची खाज. त्याने ‘चेंबाल दामूर’ नावाचं एक क्लॅव्हिकॉर्ड काढलं. साध्या क्लॅव्हिकॉर्डमध्ये पितळी पट्टी तारेला टेकते आणि तारेचा एकच भाग बोलतो, दुसरा कापडाने मुका केलेला असतो. याने तार जवळपास दुप्पट लांब घेतली आणि पट्टी बरोबर मध्यावर टेकवली, म्हणजे दोन्ही अर्धे भाग एकाच सुरात बोलतील आणि आवाज वाढेल. त्या वाद्याचा हक्कही त्याला सनदेतून मिळाला. म्हणजे मुद्दा पहिल्यापासून तोच होता: बोटाने हलकं-जोरात करता येईल असं कीबोर्डचं वाद्य, पण जरा ऐकू येईल असं. हार्प्सिकॉर्डवर बोट कितीही आपटा, आवाज तेवढाच. क्लॅव्हिकॉर्डवर लहानमोठा होतो, पण खोलीच्या दारापर्यंतही पोचत नाही.

दुसरा धागा फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मी जरा रेंगाळतो. पांटालेओन हेबेनश्ट्राइट नावाचा एक वादक तेव्हा गाजत होता. त्याचं वाद्य म्हणजे राक्षसी आकाराचं संतूर समजा. हातात दोन काड्या, समोर ढीगभर तारा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसमोर त्याने ते वाजवलं आणि राजाने वाद्याला त्याचंच नाव दिलं, पांटालेओन. ही वाद्यं त्याला कोण बनवून द्यायचं? झिल्बरमान. मग दोघांचं बिनसलं. झिल्बरमान दुसऱ्यांनाही ती विकायला लागला, तेव्हा हेबेनश्ट्राइटने १७२७ मध्ये सॅक्सनीच्या दरबाराकडून मनाई आणवली.

संतूर जवळून ऐकलंय ना? एक स्वर वाजला की त्याच्या आजूबाजूचे सगळे त्यात भर घालतात, कारण तारा दाबून गप्प करणारं काही नसतं. पांटालेओनचं मोठेपण त्या गुंजनात होतं. वर्षानुवर्षं ते वाद्य बनवलेल्या माणसाच्या कानात ते गुंजन बसलं, आणि वाद्य बनवायला मनाई झाली. हातोडीने तार वाजवायची, तारा मोकळ्या सोडायच्या, हे सगळं अंगात मुरलेलं, आणि आता वेगळी वाट शोधायची.

वाट छापील कागदावरून आली. क्रिस्तोफोरीच्या वाद्यावर शिपिओने माफ्फेई या इटालियन लेखकाने १७११ मध्ये आकृतीसह लेख लिहिला होता. त्याचं जर्मन भाषांतर १७२५ मध्ये हाम्बुर्गच्या माटेसन या संगीतलेखकाच्या नियतकालिकात आलं. झिल्बरमानने पियानोचं काम हातात घेतलं ते त्यानंतरच्या वर्षांत. त्याचे जे पियानो उरलेत त्यांची ॲक्शन, म्हणजे पट्टीपासून हातोडीपर्यंतची यंत्रणा, क्रिस्तोफोरीच्या उशिराच्या वाद्यांशी इतकी जुळते की, फक्त लेखातली आकृती बघून हे जमेल असं मला वाटत नाही. त्याने कधीतरी अस्सल वाद्य उघडून पाहिलं असणार. आकृतीवरून ॲक्शन बनवायचा प्रयत्न मी एकदा केलाय. दहा-बारा पट्ट्या चालल्या, बाकीच्या अडकल्या.

आता बाख. ही हकिकत योहान फ्रीडरिश आग्रिकोला या बाखच्या शिष्याने लिहून ठेवलीय, त्यामुळे ती ऐकीव गप्पांपेक्षा बरी. झिल्बरमानने आधी दोन पियानो बनवले. बाखने त्यातला एक वाजवून पाहिला. आवाजाची वाहवा केली, अगदी कौतुक केलं, पण दोन दोष काढले: वरचे स्वर फार दुबळे आहेत आणि वाजवायला फार जड जातं. झिल्बरमानला आपल्या कामात कोणी खोट काढलेली मुळीच खपत नसे. त्याला हे फार लागलं. बरेच दिवस तो बाखवर चिडून होता. पण मन खात होतं की बाख चुकीचं बोललेला नाही. मग त्याने ठरवलं की असे पियानो आता विकायचे नाहीत. बरीच वर्षं तो ते दोष काढण्याच्या मागे लागला. पुढे एक वाद्य रुडोल्श्टाटच्या दरबारात गेलं, मग प्रशियाच्या राजाने एक मागवलं, आवडलं म्हणून आणखी मागवले. आणि सुधारलेलं वाद्य झिल्बरमानने पुन्हा बाखला दाखवलं. या वेळी बाखने पूर्ण पसंती दिली.

या हकिकतीत कुऱ्हाड कुठेही नाही. झिल्बरमानच्या नावावर तोडफोडीचे किस्से पुष्कळ आहेत. मनासारखं न जमलेलं वाद्य तो फोडून टाकायचा असं लोक रंगवून सांगायचे, आणि त्यातलाच एखादा बाखच्या गोष्टीला चिकटला असावा. मला विचाराल तर खरी गोष्ट जास्त अवघड आहे. फोडणं एका दुपारचं काम. वर्षानुवर्षं माल अडवून ठेवायचा, तोंडाने कबूल करायचं नाही आणि तरी दोष शोधत राहायचं, याला वेगळीच चिकाटी लागते.

ते दोन दोष एकदा बारकाईने बघा, कारण त्यातच सगळी मेख आहे. वरच्या पट्टीतली तार बोटभर लांब, बारीक. तिच्यातून आवाज काढायचा तर तीन मार्ग. एक, तार जाड घ्या आणि जास्त ताणा. मग लाकडी चौकटीवर ओढ वाढते, चौकट भक्कम करावी लागते, आणि जाड तार हलवायला हातोडीही वजनदार लागते. दोन, हातोडी सरळ जड करा. तीन, हातोडीचा वेग वाढवा, म्हणजे पट्टी थोडी दाबली तरी हातोडी जास्त धावेल अशी तरफ ठेवा. तिन्ही मार्गांत पट्टी बोटाला जड लागते. म्हणजे बाखचा पहिला दोष काढायला गेलं की दुसरा वाढतो, आणि दुसरा काढायला गेलं की पहिला. ‘आवाज दुबळा आणि स्पर्श जड’, दोन्ही एकदम काढायचे म्हणजे पांघरूण ओढून डोकं झाकायला गेलं की पाय उघडे. म्हणून वर्षं लागली.

माझं एक सांगतो, म्हणजे झिल्बरमानच्या रागाबद्दल मी बोलतोय ते हवेतलं वाटणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी डेक्कनला एका घरातला बेबी ग्रँड मी पूर्ण उघडून नवीन हातोड्या बसवल्या. महिनाभराचं काम. शेवटच्या दिवशी त्या घरातल्या आजी, स्वतः वाजवणाऱ्या, पाच मिनिटं वाजवून म्हणाल्या, “खालचं छान झालंय हो. पण वरच्या दीड सप्तकात जीव नाही.” मी तोंडदेखलं हसलो, हातोड्या नव्या आहेत, वाजवून वाजवून बसतील, असं सांगून घरी आलो आणि बायकोसमोर त्यांना यथेच्छ नावं ठेवली. दोन महिने त्या घरी गेलो नाही. पण रात्री झोपताना तो वरचा मठ्ठ आवाज कानात यायचा. शेवटी पावसाळ्याचं निमित्त करून गेलो, ॲक्शन बाहेर ओढली, हातोड्यांवर पडलेल्या तारांच्या खुणा पाहिल्या आणि डोक्यावर हात मारून घेतला. वरच्या हातोड्या तारेवर जिथे आदळायला हव्यात त्याच्या जेमतेम दोन मिलिमीटर पुढे आदळत होत्या. खर्जात दोन मिलिमीटर कोणाला कळतही नाहीत, तिथे तार मीटरभराची. वर तार पाच सेंटीमीटरची, तिथे दोन मिलिमीटर म्हणजे आवाजाचा जीव जातो. त्या वरच्या हातोड्या काढून दांड्यांवर नव्याने चिकटवल्या. आजी म्हणाल्या, “आता कसं!” एवढंच. त्यांना मी त्या दोन महिन्यांबद्दल कधी बोललो नाही.

राग ओसरल्यावर बाखसमोर पुन्हा वाद्य ठेवणं हे म्हणून मला साधं वाटत नाही.

या सुधारलेल्या पियानोंचा सगळ्यात गाजलेला प्रसंग पॉट्सडामचा. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा स्वतः बासरी वाजवायचा, आणि बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल त्याच्या पदरी कीबोर्ड वाजवायला होता. ७ मे १७४७ ला बाख तिथे पोचला. राजाने त्या संध्याकाळची स्वतःची मैफल बाजूला ठेवली आणि त्याला महालातल्या खोल्याखोल्यांतून झिल्बरमानचे पियानो वाजवून पाहायला लावले. राजाकडे असे पंधरा पियानो होते, असं बाखचा चरित्रकार फोर्केल सांगतो. पंधरा जरा जास्त वाटतात, पण अनेक होते हे नक्की. राजाने एक सुरावट दिली आणि बाखने त्यावर तिथल्या तिथे फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक गुंफणारी रचना) रचून वाजवला. पुढे त्याच सुरावटीवरून ‘म्युझिकल ऑफरिंग’ लिहून राजाला अर्पण केलं. मुलीला हे जरूर सांगा: बाखने पियानो वाजवला होता, आणि तो झिल्बरमानचा होता.

पुढचा पुरावा मला जास्त आवडतो, कारण तो पैशाचा आहे. मे १७४९ ची बाखच्या हातची एक पावती आहे. ‘पियानो ए फोर्ते’ नावाचं वाद्य पोलंडमधल्या ब्यालिस्तोकच्या काउंट ब्रानित्स्कीसाठी विकलं, ११५ थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) पोचले. पावतीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, पण त्या वर्षी त्या भागात दुसरा कोण असणार? ज्याने दोष काढले तोच पुढे माल खपवून देत होता.

आणि हिल्डेब्रांटचं काय झालं? भांडण मिटलं. १७४६ च्या सप्टेंबरमध्ये नाउमबुर्गच्या सेंट वेन्झेल चर्चमध्ये हिल्डेब्रांटने बांधलेल्या मोठ्या ऑर्गनची तपासणी झाली. तपासणीस दोघं होते: बाख आणि झिल्बरमान. ते चित्र डोळ्यासमोर आणा. ज्याने कोर्टात खेचलं तो गुरू, ज्याने गुरूच्या पियानोला नावं ठेवली तो बाख, आणि दोघं मिळून शिष्याच्या ऑर्गनचा एकेक स्टॉप ओढून बघतायत. पास केला त्यांनी.

झिल्बरमानचा शेवटचा ऑर्गन ड्रेस्डेनच्या दरबारी कॅथलिक चर्चचा, ४७ स्टॉपचा, त्याचा सगळ्यात मोठा. करार १७५० चा. काम चालू असतानाच ४ ऑगस्ट १७५३ ला ड्रेस्डेनमध्ये तो गेला, आणि १७५५ मध्ये ते काम पुरं केलं हिल्डेब्रांटने. १९४४ मध्ये बॉम्बच्या भीतीने या ऑर्गनचे पाइप उतरवून एका मठात हलवले होते, म्हणून ते वाचले. फेब्रुवारी १९४५ मध्ये चर्च जळलं, लाकडी सांगाडा गेला, पाइप राहिले आणि १९७१ मध्ये पुन्हा उभे झाले. फ्राउएनकिर्शचा ऑर्गन तितका नशीबवान नव्हता. तो त्याच फेब्रुवारीत चर्चबरोबर कोसळला. अलीकडे चर्च पुन्हा बांधलं तेव्हा झिल्बरमानची हुबेहूब प्रत करायची की नवा ऑर्गन, यावर मोठा वाद झाला. शेवटी नवा बांधला, आणि काम मिळालं स्ट्रासबुर्गच्या कारखान्याला. प्रत नको हे मला पटतं. तीच माणसं, तोच काळ आणता येत नाही. पण माझ्या ओळखीचे निम्मे लोक याच्या विरुद्ध आहेत.

राहिला तिसरा प्रश्न, आजच्या पियानोत काय उरलंय. ॲक्शनचं मूळ क्रिस्तोफोरीचं, ते श्रेय त्याचं त्याला. झिल्बरमानने हाताने ओढायचे दोन खटके दिले: एक खालच्या भागासाठी, एक वरच्या. खटका ओढला की त्या भागातले सगळे डॅम्पर, म्हणजे तार दाबून गप्प करणारे तुकडे, तारांवरून उचलले जातात आणि सगळ्या तारा मोकळ्या गुंजतात. म्हणजे मनाई झालेला पांटालेओन त्याने पेटीत घालून परत आणला. आणि आणला कसा? ऑर्गनचा स्टॉप ओढतात तसा, हाताने, कारण ऑर्गनवाल्याला तीच सवय. वाजवता वाजवता हात सोडून खटका ओढणं गैरसोयीचं आहे हे उघड आहे. म्हणून पुढच्या लोकांनी ते काम आधी गुडघ्याकडे आणि मग पायाकडे दिलं. तुमच्या मुलीच्या उजव्या पायाखालचं पेडल ते हे.

त्याचे पियानो आज तीन आहेत: पॉट्सडामला फ्रेडरिकच्या महालांतले दोन आणि न्यूरेनबर्गच्या संग्रहालयातला १७४९ चा एक. जवळपास पाच सप्तकं, कातडं लावलेल्या हलक्या हातोड्या, आत लोखंडी चौकट नाही. त्यांच्या प्रतींवर वाजवलेलं संगीत इंटरनेटवर मिळेल. मुलीला ऐकवाल तेव्हा आधी वरचे स्वर ऐकायला सांगा आणि मग घरच्या पियानोवर तेच वाजवायला सांगा. घरचा वर मठ्ठ वाटला तर ट्यूनरला हातोड्या तारेवर नेमक्या कुठे आदळतात तेवढं बघायला सांगा. पहिल्यांदा तो थोडा चिडेल.